सभासद नसलेल्यांची साखर

नीती आणि आर्थिक प्रगती यांच्या संबंधाबद्दल आपल्याकडे बहुधा दोन ठरलेल्या भूमिका मांडल्या जातात. एक भूमिका म्हणते की आधी कारखाने उभे राहू द्या, हाताला काम मिळू द्या, चार पैसे गाठीला येऊ द्या. नीतिअनीतीचा बारीक विचार करण्याची ऐपत त्यानंतर आपोआप येईल. दुसरी भूमिका पैशाकडेच संशयाने पाहते आणि जिथे नफा आहे तिथे कुठे ना कुठे कुणाचा तरी तळतळाट असणारच, असे गृहीत धरून चालते. एरवी या दोघींचे जमत नाही. पण नीती ही अर्थव्यवहाराच्या बाहेरची गोष्ट आहे, यावर त्यांचे एकमत असते. महाराष्ट्रातील सहकारी साखर धंद्याचा पाऊणशे वर्षांचा प्रवास पाहिल्यावर मला दोन्ही भूमिका पटेनाशा झाल्या आहेत. हा धंदा एका नैतिक आग्रहातून जन्मला आणि त्या आग्रहामुळेच तो आर्थिकदृष्ट्या उभा राहिला. मात्र त्या आग्रहात कोण सामील आणि कोण नाही, याची रेघ सुरुवातीलाच आखली गेली आणि त्या रेघेपलीकडची माणसे आजही तिथेच आहेत.

हा आग्रह कुठून आला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पुढील काही आठवड्यांत तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या उठावात जीवितहानी जवळजवळ झाली नाही. लोकांचा रोख कर्जरोख्यांवर होता आणि ते हाती आल्यावर त्यांनी ते जाळले. ज्या कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नाही, ज्यातील व्याजाची आकडेमोड समजत नाही आणि तरीही ज्याच्या जोरावर न्यायालय जमीन काढून घेते, तो कागद अन्यायाचा आहे, अशी त्यांची खात्री होती. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला, १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. या दोन्ही कायद्यांच्या मुळाशी एकच जाणीव होती: कर्जाच्या व्यवहारातील एक बाजू पूर्णपणे अडलेली असेल, तर तिने दिलेल्या संमतीला फारसा अर्थ उरत नाही.

१९५०-५१ च्या हंगामात नगर जिल्ह्यात लोणी येथे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तो या जाणिवेचा पुढचा टप्पा होता. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्या सहकारावर निष्ठा असलेल्या मंत्र्याचे पाठबळ त्याला मिळाले. शेतकऱ्याने त्या काळी आपले तुटपुंजे पैसे कशाच्या भरवशावर दिले असतील, याचा विचार केला पाहिजे. त्याच्या आसपास तरी यशस्वी सहकारी कारखान्याचे उदाहरण नव्हते. एक सभासद, एक मत हे तत्त्व होते. उसाचे वजन खरे होईल आणि हिशेब सभेपुढे मांडला जाईल, हा शब्द होता. आणि तो शब्द देणाऱ्या माणसांची पत होती. बँका ज्याला दारात उभे करत नव्हत्या, अशा माणसाकडून भांडवल उभे राहिले, ते या विश्वासामुळे. ज्याला अर्थशास्त्राची पुस्तके गुंतवणूक म्हणतात तिच्या पोटात येथे सरळसरळ नैतिक व्यवहार होता आणि तो काढून घेतला असता तर धुराडे उभेच राहिले नसते.

त्यानंतर पश्चिम महाराष्ट्राचे जे रूप पालटले ते आपण सारे जाणतो. कारखान्यांच्या भोवती शाळा, महाविद्यालये, दवाखाने, दूधसंघ आणि उपसा सिंचन योजना उभ्या राहिल्या. गुऱ्हाळाचा गूळ व्यापाऱ्याच्या भावाने विकणारा दोन एकरांचा धनी कारखान्याचा भागधारक झाला आणि त्याच्या घरातील मुलगी डॉक्टर झाली. सहकारात पुढे शिरलेली काटामारी, घराणेशाही, आजारी पाडून कवडीमोलाने विकलेले कारखाने हे सगळे मला माहीत आहे, आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तरीही मूळ गोष्ट नाकारता येणार नाही. न्याय्य व्यवहारामुळे संपत्ती निर्माण होऊ शकते, याचा इतका ठळक पुरावा महाराष्ट्रात दुसरा क्वचितच सापडेल.

हा ऊस तोडत कोण होते? बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी, अशा बालाघाट डोंगररांगेच्या अंगाखांद्यावरील कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीनंतर माणसे निघतात आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर परततात. त्यांचा आकडा लाखांच्या घरात आहे. त्यांना कारखान्याने कामावर ठेवले आहे असे कोणत्याही कागदावर नसते. कारखाना करार करतो तो वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाशी. मुकादम पावसाळ्यात, जेव्हा घरात काहीच नसते तेव्हा, कुटुंबाला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती हंगामभर तोडणीतून फेडून घेतो. मोजणीचे एकक माणूस नाही, ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. पहाटे चारला उठून कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाक करायचा, फडात ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढायचे आणि रात्री-अपरात्री गाडी आली की पुन्हा भरायला उठायचे, या सगळ्यात बाईचा वाटा निम्म्याहून कमी नसतो. हिशेब मात्र नवऱ्याच्या नावावर होतो. एक दिवस काम बुडाले तर खाडा धरला जातो आणि त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही लागतो.

या व्यवस्थेची किंमत शरीराने कशी चुकवली गेली, हे २०१९ साली जाहीरपणे पुढे आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण विलक्षण मोठे असल्याच्या बातम्या आल्या आणि विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात सुमारे ८२ हजार महिलांचे सर्वेक्षण झाले आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे जवळपास सहांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये देशभराचे प्रमाण ३ टक्क्यांच्या थोडे वर होते. या तफावतीची कारणे एकाहून अधिक आहेत. कमी वयातील लग्ने आणि बाळंतपणे, फडावर शौचालयाचा व पाण्याचा अभाव, उपचारांऐवजी थेट शस्त्रक्रियेचा सल्ला देणारे खासगी दवाखाने, हे सारे त्यात आहे. परंतु पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही म्हणून गर्भाची पिशवीच काढून टाकण्याचा विचार एखाद्या तिशीतील बाईच्या मनात येत असेल, तर तो विचार तिच्या मनात आला कुठून, याचे उत्तर मजुरीच्या रचनेतच शोधले पाहिजे. ज्या धंद्यात आजारपणाची रजा नाही आणि गैरहजेरीवर दंड आहे, तिथे शरीराचा कोणताही नैसर्गिक धर्म हा तोट्याचा आकडा बनतो.

येथे नेहमीचा आक्षेप येतो. कुणी कुणाला बळजबरीने नेत नाही. लोक स्वतः मुकादमाकडे उचल मागायला जातात. गावी रोजगार असता तर ते गेलेच नसते. म्हणजे कारखान्यांनी त्यांचे भलेच केले आहे. या म्हणण्यातील एक भाग खरा आहे. तोडणी नसती तर बालाघाटातील हजारो घरांत चूल पेटणे अवघड होते, आणि तोडणीच्या पैशावर लग्ने झाली, घरे बांधली गेली, हेही खरे. पण सुप्याच्या शेतकऱ्यानेही कर्जरोख्यावर स्वतःच अंगठा उठवला होता. त्याची संमती अडलेल्या माणसाची संमती होती म्हणून आपण ती निर्णायक मानली नाही. तिच्या विरोधात कायदे केले, सहकार उभा केला आणि त्याचा अभिमान बाळगला. तोच न्याय उचल घेणाऱ्याला लावताना आपण मागे का सरतो? देशाच्या कायद्याने तरी मागे सरण्याचे ठरवलेले नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे श्रम किंवा त्याची दुसरीकडे काम करण्याची मोकळीक बांधून घेणे हाच वेठबिगारीचा गाभा मानला आहे. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करवून घेतलेल्या कामालाही सक्तीचे श्रम म्हटले आणि आर्थिक लाचारी हीसुद्धा सक्तीच असते, हे स्पष्ट केले. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली झालेला कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडहून सांगलीला जाणारा कोयता त्यात बसतच नव्हता.

या प्रश्नाची जी बाजू सहसा मांडली जात नाही, ती अशी की या व्यवस्थेत लबाडी एकतर्फी नाही. उचल घेऊन टोळी येतच नाही, किंवा अर्ध्या हंगामात फड सोडून रातोरात निघून जाते, असे दरवर्षी घडते. वाहतूकदाराने ट्रॅक्टरवर कर्ज काढून मुकादमाला लाखो रुपये दिलेले असतात आणि ते बुडतात. मुकादमाने जमीन विकून कारखान्याचे पैसे फेडल्याची उदाहरणे मराठवाड्यात गावोगाव आहेत. मग वसुलीसाठी मजुरांना किंवा मुकादमाला उचलून नेणे, डांबून ठेवणे, मारहाण करणे असे प्रकार होतात आणि ते पोलिस ठाण्यापर्यंत जातात. मजूर म्हणतो फसवले वाहतूकदाराने, वाहतूकदार म्हणतो फसवले मजुराने, आणि बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. मजुराशी लेखी करार नाही, त्याची नोंदणी नाही, तक्रार ऐकणारे तटस्थ कार्यालय नाही, अशा व्यवहारात प्रामाणिक राहणाऱ्याचेच अधिक नुकसान होते. मग धोका भरून काढण्यासाठी उचलीची रक्कम फुगते, वरचा व्याजाचा दर फुगतो, कमिशन फुगते आणि हा सगळा खर्च शेवटी साखरेच्याच अंगावर येतो. प्रवरेला ज्या विश्वासामुळे भांडवल स्वस्तात मिळाले, त्याच्या अभावी त्याच धंद्याच्या दुसऱ्या टोकाला श्रम महाग पडत आहेत. मजुराच्या हातात त्यातील फारसे काही पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

शेतकरी आणि मजूर यांना एकमेकांसमोर उभे करणारी एक बारीक तरतूदही लक्षात घेतली पाहिजे. केंद्र सरकार उसाचा रास्त आणि किफायतशीर दर ठरवते, ज्याला सगळे एफआरपी म्हणतात. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागे ३,४०० रुपये होता. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर कारखान्याला १५ टक्के व्याज द्यावे लागते. महाराष्ट्रात मात्र या दरातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा करून उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते. त्यामुळे तोडणीचा दर वाढला की तो शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो आणि कोयत्याच्या प्रत्येक मागणीकडे अल्पभूधारक शेतकरी आपल्या ताटातील घास म्हणून पाहू लागतो. जानेवारी २०२४ मध्ये सहकारी कारखान्यांचा साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातील वाटाघाटींनंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हाही शेतकरी संघटनांची पहिली चिंता हीच होती आणि ती चुकीची म्हणता येत नाही. २०१३ च्या राज्य कायद्याने साखर आणि प्राथमिक उपपदार्थ यांच्या महसुलाची वाटणी शेतकरी ७० आणि कारखाना ३० अशी ठरवून दिली आहे. म्हणजे उत्पन्न वाटून घेण्याचे तत्त्व आपल्याला मान्य आहे, त्याचे सूत्र करून ते अमलात आणणेही आपल्याला जमते. त्या सूत्रात तिसरा वाटेकरी धरलेला नाही, इतकेच.

आता खर्चाचा मुद्दा, कारण नीतीची भाषा सुरू झाली की ‘परवडणार कसे’ हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो विचारणे योग्यच आहे. एक टन उसापासून ढोबळमानाने १०० किलो साखर निघते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत आणि शासनाने तेवढीच भर घालावी, असे ठरले. टनाला १० रुपये म्हणजे साखरेच्या किलोमागे १० पैसे. राज्यात चांगल्या हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास गाळप होते, तेव्हा कारखान्यांच्या वाट्याचे १०० कोटी रुपये होतात. लाखो कुटुंबांचे आरोग्य, विमा, मुलांची वसतिगृहे, निवारा या सगळ्यासाठी ही रक्कम अपुरी आहे. समजा, तोडणीच्या दरावर भविष्यनिर्वाह निधी, रजा, आजारपण आणि विमा यांसाठी ३० टक्के आकारणी केली. दर टनाला साडेतीनशे रुपयांहून थोडा अधिक धरला तर ही आकारणी ११० रुपयांच्या आसपास जाते, म्हणजे किलोमागे सव्वा रुपयाच्या आत. बाजारात साखरेचा भाव सणासुदीला याहून अधिक हलतो. शिवाय हा धंदा आता फक्त साखरेवर उभा नाही. इथेनॉल, सहवीजनिर्मिती, मळी यांचे उत्पन्न त्याला आहे. हा भार शेतकऱ्याच्या बिलातून न कापता कारखान्याच्या एकूण महसुलातून उचलावा असे कायद्याने सांगितले, तर धंदा बुडेल असे म्हणणाऱ्याने आपला ताळेबंद पुढे ठेवून तसे दाखवावे.

हे स्वप्नरंजन नाही, कारण महाराष्ट्राने असे काम पूर्वी केलेले आहे. मुंबईच्या गोद्यांमध्ये आणि बाजारपेठांमध्ये पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडींची स्थिती १९६०च्या दशकात कोयत्यापेक्षा फार निराळी नव्हती. रोज मालक बदलायचा, मध्ये टोळीचा मुकादम होता आणि कुणीच स्वतःला मालक म्हणवून घेत नव्हते. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालील संघर्षानंतर १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याने एक साधी पण मूलगामी युक्ती केली. मालक कोण, या वादात न अडकता मंडळ स्थापन केले. काम करवून घेणाऱ्या प्रत्येकाने आणि काम करणाऱ्या प्रत्येकाने तिथे नोंदणी करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक आकारणी, मंडळाकडे भरायची आणि मंडळाने मजुरी, निधी, रजा, औषधोपचार यांची व्यवस्था करायची. त्या वेळीही व्यापार मुंबई सोडून जाईल असे सांगितले गेले असणार, यात मला शंका नाही. माथाडींची पुढची पिढी शिकली, घरांच्या वसाहती झाल्या, आणि बाजारही चालू राहिला. आज त्या मंडळांत बोगस टोळ्या आणि खंडणीच्या तक्रारी आहेत. त्या निपटल्याच पाहिजेत, पण त्यामुळे मूळ रचनेचे मोल कमी होत नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीबद्दलही असेच म्हणता येईल. १९७७ च्या कायद्याने काम मागणाऱ्याला हक्क दिला आणि त्याच्या खर्चासाठी शहरातील नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर घेतला गेला. दुष्काळग्रस्ताबद्दल शहराने हळहळावे अशी अपेक्षा न ठेवता त्याचा खर्च शहराच्या पगारपत्रकात घातला गेला.

चांगला मुकादम, दयाळू चेअरमन, हंगामात मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालवणारी एखादी संस्था, यांच्याबद्दल मला आदर आहे. अशी माणसे मी पाहिली आहेत. पण त्यांच्या चांगुलपणावर लाखो माणसांचे आयुष्य टांगून ठेवणे हा त्या चांगुलपणावरही अन्याय आहे. जो मुकादम खाडा धरत नाही, त्याची टोळी शेजारच्या टोळीपेक्षा कमी ऊस तोडते आणि पुढच्या हंगामात त्याला कमी उचल मिळते. भलेपणाला दंड बसवणारी स्पर्धा तशीच ठेवून लोकांना भले वागण्याचा उपदेश करण्यात काही अर्थ नाही. सगळ्यांना एकच नियम लागू झाला, तरच भले वागणाऱ्याला तोटा सोसावा लागत नाही.

आणखी एक आक्षेप यंत्राचा आहे. मजुरी वाढली तर कारखाने हार्वेस्टर आणतील आणि आहे ते कामही जाईल. वस्तुस्थिती अशी की हार्वेस्टर येतच आहेत, शासन त्यांच्या खरेदीला अनुदानही देते, आणि ते मजुरी जास्त झाल्यामुळे आलेले नाहीत. फड सोडून दुसरीकडे जाता येणारी नवी पिढी या कामाला तयार नाही म्हणून येत आहेत. हे काम एक दिवस संपावे, असेच मलाही वाटते. प्रश्न इतकाच आहे की, ते संपेल तेव्हा या माणसांच्या हाती काय असेल. पन्नास वर्षे ज्यांनी हंगामामागून हंगाम दुसऱ्या जिल्ह्याचे पीक कारखान्यापर्यंत पोहोचवले, त्यांच्या नावावर सेवेची एकही नोंद नाही, निधी नाही, आणि हंगामात मुले बरोबर न्यावी लागल्यामुळे दुसरे काम करण्याइतके शिक्षणही नाही. आधी प्रगती होऊ द्या, मग नीतीचे पाहू, असे म्हणणाऱ्यांना पाऊणशे वर्षांचा अवधी मिळाला आहे. ऊस जिथे पिकतो तिथे त्या काळात बरेच काही उभे राहिले; राज्याच्या लागवडीच्या थोड्याशा भागावरील या पिकाने सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटाही घेतला; आणि जिथून तोडणारे येतात त्या गावांतून अजूनही दिवाळीनंतर माणसे बाहेर पडतात.

तोडणीच्या दराचा पुढचा करार होईल तेव्हा चर्चा टक्केवारीवर अडेल आणि टक्केवारी ठरली की बैठक संपेल, अशी मला भीती आहे. त्या बैठकीत टक्क्यांच्या आधी काही गोष्टी ठरायला हव्यात. प्रत्येक टोळीतील प्रत्येक माणसाची, म्हणजे बाईची स्वतंत्रपणे, नोंदणी. माथाडीच्या धर्तीवर मंडळ आणि त्याच्याकडेच उचल व मजुरीचा बँकेतून होणारा व्यवहार. कारखान्याची मुख्य मालक म्हणून लेखी जबाबदारी. खाड्यावरील दंडाला बंदी आणि आजारपणाची भरपगारी रजा. आणि या सगळ्याचा खर्च एफआरपीतून न कापता महसूल वाटणीच्या सूत्रातच धरण्याची दुरुस्ती. साखर संघाच्या आणि संघटनांच्या प्रतिनिधींबरोबर त्या टेबलावर स्वतः फडात मोळी वाहिलेल्या बायकाही बसल्या पाहिजेत, कारण ‘कोयता’ या एककातील अर्ध्या भागाच्या वतीने आजवरच्या करारांत कुणी सही केलेली नाही.